समासातली नोंद

देवगडच्या नगरपंचायतीत, जन्म-मृत्यूच्या खिडकीशी
बाबल माझ्याआधी पोचलेला.
अंगात इस्त्रीचा सदरा, हातांना बांगड्याचा वास.
कोर्टाचा हुकूम, दोन प्रतिज्ञापत्रं, रक्ताचा अहवाल
सगळं तंबाखूच्या पिशवीत.

वडिलांचे नाव: जयवंत.
आईचा नवरा, म्हणून कायद्यानं बाप.
तो बोटीवर गेला
त्यानंतर दीड वर्षानं मी जन्मले.
हा हिशेब गावानं बोटांवर केला होता,
कोर्टाला एकोणीस वर्षं लागली.

कारकून म्हणाले, मूळ नोंद खोडता येत नाही.
नवं नाव समासात लिहायचं,
लाल शाईनं, तारखेसकट.

समासात उमटला कुणी अनंत.
आमच्या वाडीत या नावाचा माणूस नाही.
बाबल वाकून बघत राहिला,
जाळ्यातलं भोक शोधावं तसा.

'जयवंताचा नाव रवला मां?'
'रवला.'
'रवांदे. खाडाखोड बरी नाय दिसत.'

वीस रुपयांची पावती घडी घालून
बाहेर जेटीच्या उतारावर
त्यानं माझं पूर्ण नाव म्हणून पाहिलं:
हर्षाली...
मग थांबला. खाकरला.
खाली कुणाची तरी होडी लागत होती,
तिकडे बघत म्हणाला,
मेतर.