रिकामी गाडी उडते

एकतीस वर्षं एस.टी. हाकली मी, गुहागर डेपो.
शोरूममधला पोऱ्या मला पडदा दाखवत होता, कॅमेरा दाखवत होता,
छतातून येणारी गार हवा.
मी खाली वाकून पाहिलं:
जमिनीपासून एक वीत नक्की.
म्हटलं, बरं. आमच्या घाटीच्या जांभ्याला पोट नाही घासणार.

सात माणसांची गाडी.
आपण दोघं, हेमलता म्हणाली.
मे महिन्यात मोज, मी म्हणालो.

मे महिन्यात आठ भरले.
आठवी शाल्मली, आत्याच्या मांडीवर,
आणि तिच्या मांडीवर फणस, कापलेला, वर्तमानपत्रात.

आता गाडीचं सांगतो, खरं खरं.
स्टिअरिंग हलकं. एका बोटावर फिरतं.
हलक्या गोष्टींचा मला जन्मभराचा संशय,
पण हेदवीच्या वळणांवर तिने एकदाही दगा दिला नाही.
जरा झुकते, बाहेरच्या अंगाला,
जशी पंगतीत वाढपी बाई झुकते,
आणि पुन्हा सरळ.
चढाला दुसऱ्यात घातली की आधी नुसती गुरगुरते.
थोरल्या जावयासारखं आहे इंजिन,
चहा पोटात गेल्याशिवाय जागं होत नाही.
पण एकदा जागं झालं
की आठ माणसं, फणस, दोन पेट्या पायरी हापूस
असं ओढतं, जणू मागे कुणी बसलेलंच नाही.
एसी मात्र मी चढाला बंद करतो.
पोरं ओरडतात. ओरडू देत.

तवसाळच्या जेटीवर गाडी उलटी चढवायची बोटीत.
पोरं म्हणाली, आजोबा, कॅमेऱ्यात बघा ना.
मी मान मागे वळवली, तीस वर्षं वळवली तशी.
खलाशी हातानेच बोलवत होता, या, या, या, बस.
हँडब्रेक. पहिला गिअर. किल्ली बंद.
इंजिन थंड पडत टिकटिकत होतं
आणि आम्ही जयगडकडे चाललो होतो.
सगळे उतरले पाणी बघायला.
एकेक उतरला तशी गाडी
एकेक बोट वर आली.
मीच पाहिलं ते. कुणाला सांगितलं नाही.

भरलेली असते ना, तेव्हा खरी बसते ही गाडी.
पाण्यात म्हैस बसावी तशी.
खड्डा आला तर दोन्ही कुशींनी गिळते,
मागच्या मागे पोरं झोपलेली, तोंडं उघडी,
आणि आरशात मला नुसते पाय दिसतात.

चौदा तारखेला चिपळूण स्टेशनवर सहा जण उतरवले.
पेट्या दिल्या, पिशव्या दिल्या, एक चप्पल राहिली ती धावत दिली.
परतताना तोच रस्ता, तेच खड्डे,
आणि गाडी उडायला लागली.
हेमलताने वरची दांडी धरली.
बिघडली का हो?
नाही. रिकामी आहे.
स्प्रिंगांचा दोष नाही त्यात.
सात जणांच्या हिशेबाने वळलेलं लोखंड ते,
दोघांचं ओझं त्याला ओझं वाटत नाही.

शृंगारतळीला हवा तपासली.
पंक्चरवाला इम्तियाज म्हणाला,
काका, मागे छत्तीस आहे. लोड नाही, तीस करू?
राहू दे.
उडेल.
उडू दे.

तेवढ्यात ही उतरून मागे गेली.
रिकाम्या सीटांचे पट्टे वाटभर आपटत होते प्लॅस्टिकवर,
ते एकेक करून लावून आली,
टक, टक, टक,
जणू बसलंय कुणीतरी.

मोडकाआगर गेलं तरी काही बोलली नाही.
मग म्हणाली, दुसऱ्यात घ्या, चढ आहे.
घेतली.