आऊट

मेदेबेरच्या बाजारात ती खुराड्याला टेकू होती.
किंमत विचारली तर कोंबडीवाली म्हणाली,
सायकल कसली विकता, खुराडं पडेल.
मग निलगिरीचा एक वासा आणून दिला बदल्यात
आणि वर दोनशे नाकफा.

अस्मारात सायकलीचं कुणाला नवल?
लेतेकिदान एवढंच म्हणाली:
जेवायच्या टेबलावर नाही.

पहिला पावसाळा नुसता सीटच्या दांडीत गेला.
दांडी अ‍ॅल्युमिनियमची, नळी पोलादाची,
इतकी वर्षं एकमेकांना धरून बसलेली
की आता सोडायचं कसं तेच विसरलेली.
रोज संध्याकाळी चार थेंब तेल.
रोज एकदा पिळून पाहायचं.
नाही.
अमोनिया. उकळतं पाणी. पुन्हा तेल.
शेजारचा फ्रेझगी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
सर, कापून टाकू, दहा मिनिटांचं काम.
मी त्याला कॉफी दिली,
करवत दिली नाही.

एकतीस वर्षं मी पोरांना वर्तुळ शिकवलं.
फळ्यावरचं वर्तुळ गंजत नाही,
त्याचा मध्य कुणी ग्रीस लावून बसवलेला नसतो.
इथे पत्र्याच्या डबीत अठरा छर्रे,
सतरा सापडले होते,
अठरावा लेतेकिदानला मिळाला, मसुराच्या डाळीत,
आणि तिनं तो
ताटाच्या कडेला, खड्यासारखा,
न बोलता ठेवला.

रंग खरवडायला घेतला तेव्हा खरी अडचण.
वरचा हिरवा, दाराला मारतात तो.
खाली पिवळा, कुठल्याशा खात्याचा.
त्याखाली लाल. आणि हँडलच्या कपाला लागून
नखाएवढं फिकट निळं.
फ्रेझगी म्हणतो, पहिला तोच खरा.
पण हिरवा मारणाऱ्यानं
घंटीखालचा कोपरासुद्धा सोडला नव्हता,
केसाएवढा ब्रश घेऊन बसला असणार.
आणि आडव्या नळीच्या पोटाला कानशीनं पाडलेल्या
तीन खाचा. कशाच्या?
मोजल्या, पुसल्या, तशाच ठेवल्या.
पॉलिश पेपर आठवडाभर खिशातच राहिला.

दांडी निघाली ती फेब्रुवारीत, दिवे गेलेले असताना.
मेणबत्तीशी, मनात दुसरंच काही,
सवयीनं पिळली,
आणि ती म्हाताऱ्या माणसानं खुर्चीतून उठावं
तशी कण्हली.
नळीत काय होतं?
गांधीलमाशीचं मातीचं घर,
ज्वारीचे दोन दाणे.
बस.

चाकाचा आऊट काढायला ओग्बामिकाएल आले.
एका कानानं ऐकू येत नाही, मोतीबिंदू पिकलेला.
चाक फिरवलं, अंगठ्यानं एकेक तार छेडत गेले,
चांगला कान चाकाकडे करून.
ही ढिली. ही बरी. ही खोटं बोलते.
पाव आटा इकडे, अर्धा तिकडे,
दुपारभर. मग एका जागी थांबले.
रिमवर बोट ठेवलं.
इथं कुणीतरी पडलंय, म्हणाले,
आणि कुणीतरी दगडावर ठोकून सरळ केलंय.
आता आणखी ओढलं तर तडकेल.
दीड मिलिमीटर राहू दे.

मी, ज्यानं अर्ध्या मिलिमीटरसाठी
पोरांच्या आकृत्या तांबड्या केल्या,
म्हटलं, राहू दे.

रविवारी सकाळी मस्सावाच्या रस्त्याला
उतार सुरू होतो तिथवर गेलो.
खाली ढग, ढगात ट्रकचा हॉर्न.
दर फेऱ्याला ब्रेकचं रबर एकदा लागायचं:
टिक.
वळणापर्यंत मोजत होतो, पुढे विसरलो.
उतरलो नाही. हिरवी तशीच हिरवी,
फक्त कपाजवळ ती नखाएवढी निळी उघडी.

घरी तिसरा पेला ओतला जात होता.
झाली का एकदाची? लेतेकिदाननं विचारलं.
कुठली, म्हटलं.
साखळी अजून एक कडी लांब आहे.