निव्वळ वजन

हमरियाच्या धक्क्यामागं, भंगारवाड्याच्या फाटकाशी
माझी केबिन. एक एसी, एक खिडकी, एक काटा.
आधी शिरोळला कारखान्यावर ऊस मोजायचो.
ऊस उन्हात सुकतो, रांगेतच वजनाला उतरतो,
आणि गाडीवान काटेवाल्याच्या सात पिढ्या काढतो.
लोखंडाचं तसं नाही.
लोखंड कुणाला शिव्या घालत नाही.

मार्चात दोन टगांनी ओढत आणली तिला,
शेपटीकडून.
नाव राखाडी रंगाखाली पुरलेलं,
तरी तिरप्या उन्हात अक्षरं उठून यायची
पाटीवर नीट न पुसलेल्या पाढ्यासारखी.
कागदावर एवढंच : विनाशिका, एक नग.

खालच्या कागदांवर बरंच काही होतं.
वेग बत्तीस नॉट. माणसं तीनशे दहा.
पाण्याखालचं ऐकणारे कान,
क्षितिजापल्याडचं बघणारी जाळी,
चार दिशांनी चार संकटं आली
तर कुणाला आधी, कुणाला मग,
हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवणारं यंत्र.
सेवा : एकतीस वर्षं, सात महिने.

माझ्याकडं ती ट्रकांतून आली, वरून खाली :
मास्ट, ब्रिज, कॅप्टनची खुर्ची बसवायचा खांब,
मग भटारखाना.
चपात्यांच्या तव्याला अजून काळा थर होता.
पाणतीराच्या नळ्या, दोन हजार शंभर.
एकीत कबुतराचं घरटं.
घरट्याचं वजन वजा करायला
रकाना नाही.

शुक्रवारी दुपारी एक म्हातारा आला.
रघुवीर खोबरेकर, देवबागचा.
अल नहदात रात्री एका बिल्डिंगची राखण करतो,
दिवसा झोपायचं सोडून दोन बस बदलून आलेला.
"बॉयलर गेलो काय?"
नाही, म्हटलं, आज येईल.
तुमचं जहाज का?
"ती माझी नाय. मी तिचो."

मग चहात बिस्कीट बुडवत सांगत राहिला.
तोफ तिनं शत्रूवर कधी डागली नाही.
सरावात एकदा नेम चुकून
लक्ष्य ओढणाऱ्या बोटीचा दोरच तुटला.
थंड बॉयलरला वाफ चढायला चार तास लागत,
आणि चौपन्न अंश उष्म्यात
भांडणंसुद्धा हळू आवाजात होत.
ह्याच आखातात बावीस रात्री
तेलाच्या जहाजांना सोबत केली, दिवे मालवून.
आखात कसं होतं?
"काट्यासारखा," म्हणाला. दाबाचा काटा,
लाल रेघेच्या अलीकडे थरथरणारा.
वर यायला मिळालंच नाही.
हा समुद्र त्यानं प्रथम पाहिला
तो वॉचमनच्या व्हिसावर, गेल्या साली.

आणि एकदा, वादळानंतर,
एका बेटावरच्या विहिरी खारट झाल्या तेव्हा
तीन दिवस ती नांगरून नुसती उभी राहिली
समुद्र उकळत.
वाफेचं पाणी करून होड्यांतून वाटलं.
बायका घागरी घेऊन थेट शिडीपर्यंत आल्या.
हे कागदात आहे का, त्यानं विचारलं.
मी पानं उलटली.
नव्हतं.

चारच्या सुमारास बॉयलरचं तोंड आलं,
अठरा हजार चारशे ऐंशी.
खोबरेकर ट्रकच्या चाकावर पाय देऊन चढला,
तापलेल्या पत्र्यावर तळवा टेकला,
चटका बसला तरी काढला नाही.
ड्रायव्हर पेशावरचा. त्यानं इंजिन बंद केलं,
कुणी न सांगता.

ट्रक गेल्यावर म्हातारा रिकाम्या काट्यावर उभा राहिला.
"माझा किती?"
हा काटा वीस-वीस किलोंनी चालतो, मी म्हटलं,
मधलं धरत नाही.
पडद्यावर साठ आलं.
त्याला पावती हवी होती.
वाहन क्रमांकाच्या जागी मी रेघ मारली.
माल?
तो बराच वेळ माझ्या खिडकीकडं बघत राहिला.
"गोडा पाणी," म्हणाला.

लिहिलं. शिक्का मारला. कार्बन प्रत फाईलला लावली.
मागं साखळीचा ट्रक
हॉर्न वाजवत होता.