निंब डावीकडे होता

अजनी शेडच्या मागं, कूलरच्या वाळ्याच्या वखारीला लागून
त्यांची इमारत आहे. "स्वतःची," धकाते सांगतात,
आणि कुलूप काढता काढता पुन्हा सांगतात, "स्वतःची."
कुणाचा फंड, कुणाची ग्रॅच्युइटी,
एकाच्या बायकोच्या पाटल्या
या पत्र्यांखाली गेल्या आहेत.

दाराशी पाटी : चपला बाहेर. डोकं सांभाळा.
टेबलाखालून रांगत जायचं, वर सीताबर्डीची टेकडी,
आणि शहराच्या मधोमध उठून उभं राहायचं
गोठा चुकलेल्या म्हशीसारखं.

आतलं घड्याळ निराळं. दिवस दोन तासांत उरकतो.
मी उभी राहिले तेव्हा पहाट होती,
इतवारीच्या यार्डात तांदळाएवढे दिवे.

डायमंड क्रॉसिंगवर मालगाडी घसरली.
सुलभाताई खोब्रागडे, रिले रूममध्ये बत्तीस वर्षं,
चिमट्यानं एकेक डबा उचलून रुळावर बसवतात.
"इथं रोजच घसरते जी. रिपोर्ट नाही लिहावा लागत."
मग चिमटा पुसत,
"तिथं एकदाच लिहिला होता. अजून पाठ आहे."

उमरेडचा कोळसा खरा आहे, खलबत्त्यात कुटलेला.
भिवापूरच्या अंगणात वाळत घातलेली मिरची
आधी तीही खरीच होती.
परवेझनं भुरभुरली, कुणीतरी पंखा लावला,
आणि अख्खा क्लब शिंकत रस्त्यावर.
आता तिथं विटेची भुकटी आहे.
"पण मजा गेली," परवेझ म्हणतो.

अडीच फुटांची छोटी लाइन इथं नऊ मिलिमीटरची आहे.
बाहेर ती उखडली. इथं तिला रोज तेल मिळतं.
बोटानं तिच्यामागं गेले
आणि कुहीला पोचले तोवर दुपार झाली होती.

स्टेशन बरोबर. लाल बादल्या, बरोबर.
क्वार्टरची खिडकी, तिची एक फळी मोडकी,
हेसुद्धा कुणी कसं लक्षात ठेवलं?
पण झाड.

"निंब डावीकडे होता," मी म्हणाले.
"फोटोत उजवीकडे आहे ताई."
"फोटो उलटा छापला असेल."
"काऊन उलटा छापतील?"
"झोपाळ्यावरून पाय लांबवला की
माझा अंगठा हातपंपाला लागायचा.
पंप डावीकडेच आहे ना?"
धकाते पंपाकडे बघत राहिले. चष्मा काढला. परत लावला.

मग सूचना वही आली. जाड, लाल कापडाची.
नाव. पत्ता. स्टेशनशी नातं.
या तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.
मास्तरची मुलगी, असं लिहिलं,
आणि अक्षर बाबांसारखं आलं, उजवीकडे कललेलं.
साक्षीदार दोन हवेत. एक बहीण, नाशिकला.
दुसरा तो पंप, मी म्हटलं.
"चालते," सुलभाताई म्हणाल्या.

धकातेंनी झाड उपटलं. खाली फेविकॉलचं पांढरं भोक.
"मीटिंग पुढच्या रविवारी. मंजूर झालं का लावू डावीकडे."
आणि निंब शर्टाच्या खिशात ठेवला,
पेनाशेजारी, शेंडा बाहेर.

आता कुहीला सावली नाही.
वर हॅलोजनचा दिवा, घड्याळात साडेबारा,
फलाटावर दोन सेंटिमीटरचा माणूस, पांढरा कोट,
हातात न हलणारी हिरवी झेंडी.
चेहरा रंगवलेला नाही. एवढ्याशा माणसाला
चेहरा कोण रंगवतो?

मी नुसता तळहात धरला, दिव्याच्या आणि त्याच्या मध्ये.

नागभीड पॅसेंजर वळणावर दिसली,
आली, आणि फलाटाशी उभीच राहिली.
इंजिन गुणगुणतंय, चाकं हलत नाहीत.
"हात काढा ताई," परवेझ तिकडून ओरडला,
"तिथं सेन्सर आहे!"

हाव, म्हटलं. काढते.
वेळापत्रकात कुहीला एक मिनिटाचा थांबा आहे.
गाडी अजून उभी होती.