थांबलेली खुर्ची

टेकडीच म्हणायची. दोनच लिफ्ट, त्यातली एक
नाताळापासून बंद.
भाड्याच्या बुटांत कुणाच्या तरी पायांचा ओलावा,
झिपला तारेने अडकवलेलं
शनिवार-रविवारचं तिकीट.

अर्ध्यावर खुर्ची थांबली.
खाली कुणाचं पोर पडलं असणार;
वेंडेल लिफ्टही ट्रॅक्टरसारखीच थांबवतो, गचकन.
वाऱ्यावर आम्ही दोघं जरा डोललो.
पाइनच्या शेंड्यांपलीकडे सुपीरियर सरोवर,
काठाशी पांढरं, पुढे काळं.

आर्वो म्हणाला, "मला उंचीची भीती वाटते."
"आज?"
"पहिल्यापासून."

एकोणीस हिवाळे हीच टेकडी,
तेच मोटेल, तीच त्याची गरम बीन्सची वाटी.
त्याचे हातमोजे दांडीवर आवळलेले.
आणि मला वाटायचं,
दांडी तो माझ्यासाठी धरतो.

खिशातलं अर्धं सँडविच काढलं,
थंडीने कडक झालेलं,
तुकडा मोडून त्याच्या तोंडाशी नेला.
हात न सोडता खाल्ला त्याने.
मोहरी जास्त झालीय, म्हणाला.

हिसका बसला.
वर पोचता पोचता, नेहमीच्याच आवाजात,
"टोकं वर घे, डीलिया."

घेतली.