फक्कीची रेघ

पाटोद्याच्या नगरपंचायतीत माझं काम रेघा मारायचं.
खो-खोचं मैदान, हळदीकुंकवाचा मंडप,
पोलिओच्या दिवशी रांग.
मे अखेरीस साहेब म्हणाले, तांबोळी,
पाच जूनला कार्यक्रम आहे. गायरानावर पाचशे खड्डे आखा,
गुलमोहर ट्रकनं येणार.
जागा रिकामीच आहे.

फक्कीचं घमेलं घेऊन मी माळावर.
कुसळं पायजम्यातून पोटऱ्यांपर्यंत पोचलेली.
सटवाबाई मासाळ मेंढरं सोडून आडवी आली:
"पाय बघून टाक, बाबा."

वाकलो. आधी खडेच दिसले.
मग त्यातले दोन
जरा जास्तच जपून ठेवल्यासारखे.

"कुणाची?"
"पळतीची."
तिनं हात केला तिकडं
मातीचाच एक तुकडा धावला, थांबला,
आमच्याकडं बघत राहिला.

रिकामी, असं कागदावर होतं.
मला कागद वाचता येतो,
तिला माळ.

अंड्यांभोवती मी रिंगण मारलं, हातभर.
मग वाटलं, आई काय हातभरच फिरते?
मोठं मारलं.
फक्की संपेस्तोवर मारत गेलो.

कार्यक्रम झाला शाळेच्या आवारात.
फेटे, नारळ, माईकची शिट्टी,
गुलमोहर चार.
पाहुण्यांनी विचारलं, गायरानावर काय लावलंत?
साहेबांनी माझ्याकडं बघितलं.
"तिथं आधीच लावलेलं होतं," मी म्हणालो.

रेघ वाऱ्यानं केव्हाच नेली.
सटवाबाई मेंढरं
अजून वळसा घालून नेते.