पहिला दिवस उपाशी

दुकानदार झेनोनने बजावलं होतं:
पिशवी वीस मिनिटं तशीच तरंगू द्या,
मग सोडा,
दिवा लावू नका,
आणि आज खायला काही घालू नका.
काही म्हणजे काही नाही.

लुत्सियानने मान डोलावली
आणि घरी येताच डबी उघडली.

छत्तीस वर्षं बोटीवरच्या भटारखान्यात
एकोणतीस माणसांना तीन वेळा वाढलेला माणूस.
लाटेने पातेलं कललं तरी
सूप सांडू द्यायचा नाही म्हणे.
त्याला डावाचं माप कळतं, घमेल्याचं कळतं,
चिमटीचं कळत नाही.
सप्टेंबरात कायमचा घरी आला,
आणि आता ग्दिनियात, चौथ्या मजल्यावर,
साठ लिटर पाण्यात सहा निऑन मासे,
करंगळीच्या नखाहून जरासे लांब,
आणि एकही जेवायला येत नाही.

भुकटी वर तरंगली, फुगली,
एकेक कण खाली बसला.
मासे फिल्टरच्या नळीआड,
एकमेकांना चिकटून,
अंगावरची निळी रेघ विझल्यासारखी.

"आवडलं नसेल," तो म्हणाला.
दुसरी डबी आणली. मग उकडलेल्या अंड्याचा बलक.
मग, देवा, शेपू.
"शेपू घातला की कोणीही खातं."
मी जुडी त्याच्या हातातून काढून घेतली.

हाच माणूस, ज्या नाताळात घरी असेल त्या नाताळात,
न्हाणीघरातल्या टबात सोडलेल्या कार्पला
चोरून पाव भरवायचा,
आणि चोवीस तारखेला सकाळी
नेमकी त्याची सिगारेट संपायची.
हातोडी मीच घेत आले.

लुत्सियान, तुला आठवत नसेल,
आठ-आठ महिन्यांनी तू यायचास,
अंगाला डिझेलचा वास,
मी दोन दिवस रांधलेलं मांडून समोर बसलेली,
खा ना, खा.
किंगा खुर्चीवर उभी राहून तुझ्या तोंडाकडे बघायची.
तू काटा हातात धरून
टेबलाच्या कडेवर बोट फिरवायचास –
इथे पट्टी नाही, ताटं घसरत कशी नाहीत –
आणि म्हणायचास, पोट भरलंय.
कशाने, ते मी कधी विचारलं नाही.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला शिकले.
बशीत थोडंच. पावाचा तुकडा, एक खारवलेली काकडी.
ओट्यावर ठेवायचं, दिवा मालवायचा
आणि शेजारच्या खोलीत
इस्त्री केलेलेच कपडे पुन्हा इस्त्री करत बसायचं.
कान इकडे.
काटा बशीला लागल्याचा आवाज आला
की हातातली इस्त्री हलकी व्हायची.

तर काल रात्री मी नळी लावून
तळाचं सगळं ओढून काढलं,
बलक, भुकटी, शेपूची एक काडी,
बादलीभर पाणी बदललं,
त्याला म्हटलं, चल झोपायला.
तो दोनदा उठला. मी ऐकलं.

आज संध्याकाळी मी दोन बोटांत घेतलं,
मिठाहून कमी, चुरलं, टाकलं.
"एवढंच?"
"एवढंच."
आणि खांद्याला धरून त्याला फिरवलं.
दोघं टाकीकडे पाठ करून बसलो,
खिडकीत बंदरावरच्या क्रेनचा लाल दिवा,
आणि त्याच काचेत, उलटी, आमची टाकी,
बोळातल्या उजेडाने अर्धी दिसणारी.

बराच वेळ काही नाही.
खालच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडला.
मग काचेत एक निळी रेघ
नळीआडून निघाली, वर गेली,
टिपलं,
परतली.

"खाल्लं," तो कुजबुजला.
"बघू नकोस."
"पण एकानेच खाल्लं."
"एकाने खाल्लं."

मग तो उठला, दिवा न लावता पाव कापला,
आणि कितीतरी दिवसांनी
ओट्याशी उभ्याउभ्याच दोन तुकडे खाल्ले.

मी काही बोलले नाही.
आत जाऊन इस्त्रीची फळी उघडली.